नंदिवर्धनाच्या मातीवर

रामटेकला गेला नाही असा नागपूरकर विरळाच. लहानपणी आजीच्या पदराला धरून, शाळेत असताना सहलीच्या बसमधून, आणि कॉलेजात आल्यावर मित्रांच्या मोटारसायकलींवर, अशा निदान तीन खेपा तरी प्रत्येकाच्या पदरी असतात. पण या तिन्ही खेपांत आपण पाहतो काय? रामाचे दर्शन, माकडांची दांडगाई, खिंडसीची नाव आणि परतताना पानाची जुडी! ज्या पाच-सहा मैलांच्या टापूत हे सारे आहे, तेथे पंधराशे वर्षांपूर्वी एका साम्राज्याची राजधानी नांदत होती, ही गोष्ट पुस्तकात वाचलेली असली तरी डोळ्यांपुढे उभी राहत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी. परीक्षेसाठी वाकाटकांची वंशावळ पाठ केलेली. ती वंशावळ ज्या मातीत वाढली ती माती पाहावी, या हेतूने यंदाच्या हिवाळ्यात नगरधन, रामटेक आणि मनसर हा परिसर मी तीनदा पायांखाली घातला. हे प्रवासवर्णन नव्हे. जे पाहिले त्याचा अर्थ कसा लावावा, हे आपल्या बांधवांना सांगावे, एवढाच हेतू.

आधी वाट सांगतो. आमच्या मिहानच्या बाजूने निघणाऱ्याला खापरीहून मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौक गाठता येतो. तेथून कामठी, कन्हान, मनसर असा रस्ता रामटेकला जातो. ज्यांना सावकाश जायची हौस आहे त्यांच्यासाठी रामटेकला रेल्वेचा फाटाही आहे. तो रामटेकलाच संपतो, पुढे रूळ नाहीत. नगरधन रामटेकच्या दक्षिणेला, जेमतेम सहा-सात किलोमीटरवर. सायकल मिळाली तर उत्तम, कारण दोन्ही बाजूंना धानाची बांधी आणि समोर सतत गडमंदिराची टेकडी दिसत राहते. दसऱ्यानंतर महाशिवरात्रीपर्यंतचा काळ त्यासाठी चांगला.

नगरधनचा किल्ला डोंगरी नाही. सह्याद्रीतील गड पाहिलेल्यांना तो प्रथम काहीसा निराश करतो. सपाट रानात एकाएकी तटबंदी उभी, भक्कम दरवाजा, बुरूज, आत मोकळे पटांगण. आत एक विहीर आहे आणि तिच्या पायऱ्या उतरून गेले की जमिनीच्या पोटात देवीचे स्थान लागते. वर ऊन रणरणत असले तरी तेथे माठातल्यासारखा गारवा! आज दिसणारे बांधकाम लोक भोसल्यांच्या काळाशी जोडतात. म्हणजे हा किल्ला वाकाटकांचा नव्हे. येथेच पुष्कळांची फसगत होते. किल्ला पाहून ते परततात आणि राजधानी पाहिली असे सांगतात.

युरोपात किल्ल्याची गावे पाहायला लोक दुरून जातात. वेल्समधील कॉन्वीचे उदाहरण घ्या. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८३ ते १२८७ या चार वर्षांत तेथे किल्ला आणि गावाभोवतीचा तट एकदमच उभा केला. दगडाचे काम असल्याने ते टिकले, आणि आजही त्या तटावरून चालत गाव पाहता येते. तेथे इतिहास डोळ्यांच्या उंचीवर आहे. आपल्या नगरधनचा इतिहास मात्र पायांखाली आहे. वाकाटकांची घरे मातीची, विटांची, लाकडाची. ती पडली, त्यांवर दुसरी उठली, तीही पडली, आणि आजचे गाव त्याच थरांवर बसले आहे. नगरधनला जाऊन मान वर करून पाहण्यापेक्षा खाली पाहणे अधिक शहाणपणाचे.

आता प्रश्न असा, की नगरधन म्हणजेच वाकाटकांचे नंदिवर्धन हे ठरले कसे? याचे उत्तर ताम्रपटांत आहे. राजा जमीन दान देई तेव्हा त्याची सनद तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत असे. त्यात दान कोणी दिले, कोणाला दिले, गाव कोणते, त्याच्या चतुःसीमा कोणत्या, हे सारे असेच. शिवाय ती सनद कोठून दिली त्या स्थळाचे नावही असे. प्रभावतीगुप्ता या राणीचा जो ताम्रपट पुण्यात उजेडात आला तो नंदिवर्धनाहून दिलेला आहे. तिचाच दुसरा ताम्रपट रिद्धपूरचा. तो रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपाशी दिला गेला. नंदिवर्धन हे नाव लोकांच्या तोंडी झिजत झिजत नगरधन झाले आणि रामगिरी तेथून नजरेच्या टप्प्यात आहे. नाव, अंतर आणि अवशेष या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला, म्हणून विद्वानांनी ही जागा निश्चित मानली. नागपुरात संस्कृत शिकवणारे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे सारे लेख एकत्र संपादित केले. तो ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला, आणि आजही त्याला टाळून कोणाला पुढे जाता येत नाही.

ही प्रभावतीगुप्ता म्हणजे गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला ती दिली. पती लवकर वारला, मुले लहान, आणि उत्तरेला बापाचे बलाढ्य राज्य. अशा वेळी पाचव्या शतकाच्या आरंभी या बाईने विदर्भाचा कारभार आपल्या हाती घेतला. तिच्या सनदांत एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. सासरच्या वंशावळीने आरंभ करण्याऐवजी ती माहेरच्या गुप्तांची वंशावळ आधी देते आणि गोत्रही बापाचेच सांगते. लग्न झाले की मुलीचे नाव, गाव, गोत्र सारे पुसले जाते अशी आपली समजूत. पंधराशे वर्षांपूर्वी या मातीवर एका बाईने ते पुसू दिले नाही, हे आमच्या वर्गातील मुलींना मी सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच वाकाटकांविषयी आपण होऊन प्रश्न विचारले!

या राणीची खूण नगरधनच्या मातीतूनच वर आली. २०१५ ते २०१८ या काळात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी येथे उत्खनन केले. त्यात मातीचा एक अंडाकृती ठसा सापडला. वजन सहा-साडेसहा ग्रॅम, म्हणजे पानावर ठेवायच्या सुपारीएवढाच ऐवज. त्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आणि सोबत शंखाचे चिन्ह. पूर्वी पत्र किंवा गाठोडे दोरीने बांधून गाठीवर ओल्या मातीचा गोळा चिकटवीत आणि त्यावर मुद्रा दाबीत. ठसा मोडल्याशिवाय गाठ सुटत नसे. म्हणजे राणीच्या नावाने शिक्का मारून काही तरी बांधले गेले होते, आणि ते येथे, याच गावात. ताम्रपट हिंडत हिंडत कोठेही जाऊ शकतो, पुण्याला सुद्धा! मातीचा हा एवढासा ठसा मात्र सहसा कोणी मौल्यवान म्हणून दूरदेशी नेत नाही. त्याच्या जोडीला मडकी, काचेचे दागिने, लोखंडाच्या वस्तू, जनावरांची हाडे असा संसाराचा पसाराही मिळाला. राजधानी म्हणजे नुसता राजवाडा नव्हे. तेथे कुंभार, लोहार आणि गुराखीही राहत होते.

नगरधनहून रामटेकच्या टेकडीवर जावे. आंबाळा तलावाच्या बाजूने पायऱ्या आहेत, त्या चढून जाणे गाडीरस्त्यापेक्षा बरे. वाटेत भव्य वराह लागतो. त्याच्या पोटाखालून सरपटत गेले की पाप्याला अडकायला होते, अशी समजूत आहे. आमच्यातील एक जाडजूड मित्र बाहेरच उभा राहिला, तो पापभीरू म्हणून की पोटभरू म्हणून, हे त्याचे त्यालाच ठाऊक! वर भैरव दरवाजा आणि गोकुळ दरवाजा ओलांडून राम-लक्ष्मणांची मंदिरे येतात. लक्ष्मणाच्या मंदिरात यादवांच्या काळचा शिलालेख आहे. भाविक सरळ तेथेच जातात. पण वाटेवरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन लहान देवळे चुकवू नयेत. ती वाकाटकांच्या काळची आहेत, म्हणजे टेकडीवरील राममंदिरांपेक्षा कित्येक शतकांनी जुनी. केवल नरसिंहाच्या भिंतीतील लेख १९८०च्या दशकात प्रकाशात आला. लेख फुटका आहे. तरी प्रभावतीगुप्तेच्या स्मरणार्थ तिच्या मुलीने हे देऊळ उभारले असावे, असा अभ्यासकांनी त्यावरून निष्कर्ष काढला. आईच्या नावाने लेकीने बांधलेले देऊळ, आणि आपण त्याच्यापुढून चपला हातात घेऊन घाईघाईने जातो!

मेघदूतातील रामगिरी म्हणजे हाच रामटेक, असे मिराशींचे मत. त्याविरुद्ध चित्रकूट आणि छत्तीसगडातील रामगड यांची नावे पुढे करणारेही आहेत. टीकाकार मल्लिनाथ चित्रकूटाच्या बाजूचा. मिराशींचे बळ मुख्यतः रिद्धपूरच्या ताम्रपटात आहे. कालिदासाच्या काळाजवळच्या लेखात या टेकडीला रामगिरी म्हटले आहे, आणि गुप्त दरबारचा कवी गुप्तकन्येच्या राज्यात येणे अशक्य नाही. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘सेतुबंध’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. आपली मराठी ज्या भाषेच्या कुळातली, तिच्यात या टापूतल्या राजाने काव्य केले, याचा मराठीच्या विद्यार्थ्यांनी तरी अभिमान धरावा. आज टेकडीवर कालिदासाचे स्मारक आहे, आणि १९९७ पासून रामटेकला त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठही आहे.

या प्रवरसेनाने राजधानी नंदिवर्धनाहून प्रवरपुरास हलवली. ते प्रवरपूर म्हणजे रामटेकच्या पश्चिमेचे मनसर, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. तेथील हिडिंबा टेकडी बाहेरून साधी झुडपी टेकडी दिसे. १९९८ पासून तेथे जे. पी. जोशी आणि ए. के. शर्मा यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि आतून विटांचे प्रचंड बांधकाम निघाले. थरावर थर रचलेल्या विटा उन्हात तांबूस दिसतात. याच मनसरला १९७२ साली मिळालेली शिवाची देखणी मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. शेजारी मॅंगनीजची खाण. एकाच गावात एक जण जमीन खोदतो ती धातूसाठी आणि दुसरा खोदतो ती आठवणीसाठी.

इतिहासाने डोके जड झाले तर मोकळ्या हवेला या भागात तोटा नाही. खिंडसीचा जलाशय विसाव्या शतकाच्या आरंभी सूर नदी अडवून सिंचनासाठी केला. संध्याकाळी तेथे नावेत बसावे. आंबाळ्याच्या काठची देवळे पहाटे पाहावीत. कार्तिकी पौर्णिमेला गडावर त्रिपूर जळतो तेव्हा सारा पंचक्रोशीचा गाव टेकडीखाली लोटतो. उत्तरेला पेंचचे जंगल आहे. ते १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ साली व्याघ्रप्रकल्प. वाघ दिसेलच याची हमी कोणी देऊ नये, पण सागाच्या रानातील शांतता नक्की मिळते. नागपूरकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आपल्या नळाला येणारे पाणी पुष्कळसे याच पेंच नदीवरच्या नवेगाव खैरीच्या धरणातून येते.

नगरधनला किल्ल्याच्या तटाशी एक म्हातारेबाबा बकऱ्या चारीत होते. मला वहीत काही लिहिताना पाहून म्हणाले, “काय लिहिता, बापू?” मी राजधानीचे सांगितले. ते म्हणाले, “राजा गेला, वाडा गेला. नाव तेवढं आम्ही राखलं. आता तुमी कोन्या गावचे?” मी ‘मिहान’ म्हणालो. “ते काही गावाचं नाव नोहे,” बाबा म्हणाले, “जुनं नाव सांगा.”

त्यांचे बोलणे मला खरे वाटले. मिहान हे नाव इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनले आहे. खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, शिवणगाव या गावांच्या जमिनीवर हा प्रकल्प आला. आज तेथे रुंद रस्ते आहेत, विमानांचे कारखाने आहेत, संगणकाच्या कंपन्या आहेत. आमच्यापैकी कित्येकांचे मोठे भाऊ तेथे नोकरीला जातात, आणि त्यात वाईट काही नाही. राजधानीचे गाव होते तसे गावाचे शहरही होते. काळाचा पोहरा वरखाली जायचाच. पण नंदिवर्धनाचे नगरधन होताना लोकांनी नाव तोंडात ठेवले, म्हणून मिराशींसारख्यांना धागा सापडला. आमच्या वडिलांच्या पिढीला चिंचेचे वावर, तळ्याचे वावर, मारुतीचा धुरा अशी शेकडो नावे पाठ आहेत. सातबाऱ्यावर नुसता गट क्रमांक असतो, ही नावे नसतात. धुरेच राहिले नाहीत तेथे नावे कोण घेणार? ती माणसे आहेत तोवर नावे आहेत.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या कॉलेजचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर पुढच्या वर्षी याच कामाला लागावे. प्रत्येकाने एका घरी जावे, आजोबांजवळ, मावशींजवळ बसावे, आणि वावरांची, विहिरींची, वाटांची, देवांच्या ओट्यांची नावे नकाशावर टिपून घ्यावीत. खर्च एका वहीचा आणि चहाचा. इतिहास विभागाच्या प्राध्यापकांनी ती वही तपासून ग्रंथालयात ठेवावी. प्रभावतीगुप्तेचा ठसा सहा ग्रॅम मातीचा होता आणि त्याने एका राजधानीची साक्ष दिली. आपली वही त्याहून जड होईल.