रंगकामाच्या पानांसाठी स्केचपेनची निवड

छापील रेखाचित्रांत रंग भरावयाचे पान हे पहिली-दुसरीच्या वर्गांत आता नित्याचे साधन झाले आहे. आकृतीच्या मर्यादेत हात राखणे, बोटांस पकड येणे, डोळा व हात यांचा मेळ बसणे हे त्याचे लाभ शिक्षकबंधुभगिनींस परिचित आहेतच. परंतु ते पान ज्या साधनाने रंगवावयाचे, त्याच्या निवडीकडे पुरेसे लक्ष दिले जाते असे म्हणवत नाही. बाजारातील सर्वांत स्वस्त संच आणावेत, पंधरवड्यात त्यांतील निम्मे स्केचपेन कोरडे पडावेत, आणि मग मुलांनी काळा व तपकिरी या दोनच रंगांत आंब्यापासून आकाशापर्यंत सर्व काही रंगवावे, असा प्रकार प्रस्तुत लेखकाच्याही वर्गात घडला आहे.

स्केचपेनची रचना साधी असते. नळीत शाई शोषून धरणारा तंतूंचा बोळा असतो व टोक कृत्रिम तंतू घट्ट दाबून केलेले असते. दिव्याच्या वातीत ज्या केशाकर्षणाने तेल चढते, त्याच केशाकर्षणाने शाई टोकाकडे येते. तंतुटोकाच्या अशा पेनचा प्रसार जपानमधून झाला. पुढे पेंटेल या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीच्या युकिओ होरिए यांनी 1962 मध्ये ते पेन बाजारात आणले.

खरा भेद आहे तो शाईचा. एका प्रकारात रंगद्रव्य पाण्यात विरघळविलेले असते, तर दुसऱ्यात मद्यार्कात किंवा तत्सम द्रावकात. पाण्याची शाई कागदावर सावकाश वाळते, तिला उग्र वास नसतो आणि ती हातावरून बहुधा साबणाने जाते. मद्यार्काची शाई क्षणात वाळते व तिचे पट्टे एकमेकांत सफाईने मिसळतात. पण ती कागदाच्या पाठीवर उमटते, कपड्यावरून निघत नाही आणि तिच्या वासाने बंद खोलीत डोके दुखू लागते. लहान मुलांच्या हाती पाण्याचीच शाई असावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. गणवेश खराब झाला म्हणून घरी मार खाणारे मूल दुसऱ्या दिवशी रंगांस हात लावीत नाही.

वेष्टनावरील मजकुरावर विसंबण्यापेक्षा दुकानातच परीक्षा करावी. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनने एक ठिपका द्यावा व पट्टीचे खालचे टोक पाण्यात बुडवावे; ठिपका मात्र पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी वर चढताना ठिपका पसरून त्यातून निळा, तांबडा, पिवळा असे घटकरंग अलग झाले, तर शाई पाण्यात विरघळणारी आहे. ठिपका जागचा हलला नाही, तर तो संच लहान वर्गांसाठी घेऊ नये. (हाच प्रयोग वरच्या वर्गांत विज्ञानाच्या तासास करून दाखविता येतो, हा अवांतर लाभ.)

टोपणाकडेही अवश्य पाहावे. मुले टोपण तोंडात धरतात, आणि ते घशात अडकल्यास श्वास कोंडतो. म्हणून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लेखनसाधनांच्या टोपणांसाठी आय.एस.ओ. 11540 हे आंतरराष्ट्रीय मानक ठरविण्यात आले आहे. टोपण गिळता येणार नाही इतके मोठे असावे, अथवा त्यातून हवा खेळावी, असा त्याचा आशय होय. आरपार हवा जाणारे टोपण पाहूनच संच घ्यावा.

पहिलीच्या मुलास जाड, बोथट टोक द्यावे. बारीक टोक त्याच्या दाबाने आत जाते. कागदाचाही विचार हवा. वहीचा पातळ कागद पाण्याच्या शाईने भिजतो, आणि त्याच जागी मूल पुनःपुन्हा घासू लागले की कागदाचे तंतू सुटून गोळे होतात व पान फाटते. मूल समजते की आपणच चुकलो. चौरस मीटरला 120 ग्रॅम किंवा अधिक वजनाचा चित्रकलेचा कागद मिळाल्यास उत्तम. तो नसेल तर लहान आकृत्यांची पाने निवडावीत, एकाच दिशेने हात चालविण्यास शिकवावे, आणि फिकट रंग आधी व गडद नंतर हा क्रम ठेवावा. ओल्या निळ्यावरून फिरविलेला पिवळा पुढे हिरवाच उमटतो.

बारा रंग पुरेत. मात्र प्रत्येक नळीवर रंगाचे नाव मराठीत लिहून चिकटवावे. तांबडा व हिरवा यांतील भेद काही मुलांस जन्मतःच कळत नाही, आणि मुलग्यांत हे अधिक आढळते. पाने तांबडी रंगविणाऱ्या मुलास हसण्यापूर्वी शिक्षकांनी हे ध्यानी घ्यावे.

प्रौढांची गोष्ट किंचित निराळी. जोहाना बॅसफर्ड यांचे ‘सीक्रेट गार्डन’ हे पुस्तक 2013 मध्ये निघाल्यापासून मोठ्यांच्या रंगकामास जगभर चालना मिळाली. आपल्याकडे पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी, 2022 ते 2027 या कालावधीकरिता नवभारत साक्षरता कार्यक्रम आखलेला आहे. त्याच्या वर्गांत अक्षर गिरविण्यापूर्वी हात वळविण्यास हे साधन उपयोगी पडेल. तथापि आजीबाईंपुढे ससा व फुगा ठेवू नये. पैठणीच्या काठावरचा मोर, वारली चित्रातील तारपा नाच, गोधडीचे चौकोन त्यांस आपले वाटतील. अशा बारकाव्यांस अर्ध्या मिलिमीटरचे टोक लागते. पण हात कापत असेल तर जाड नळी व ठळक रेषांचे चित्रच द्यावे. कुंचल्यासारखे मऊ टोक दिसावयास मोहक असले, तरी कष्टाची कामे करणाऱ्या जड हाताखाली ते लवकर मोडते.

टोपण बसल्याचा ‘टक्’ आवाज ऐकल्याखेरीज स्केचपेन जागेवर ठेवू नये, ही सवय पहिल्याच दिवशी लावावी. संच उन्हाच्या खिडकीत नव्हे, तर कपाटात आडवे ठेवावेत. रंगविलेली पानेही उन्हाच्या भिंतीवर लावू नयेत. ही शाई लवकर विटते. पाण्याच्या शाईचा पेन कोरडा पडल्यास टोक काही क्षण कोमट पाण्यात धरून टोपण लावावे व रात्रभर तसाच ठेवावा. बहुधा आणखी काही दिवस तो चालतो. मद्यार्काच्या पेनास हा उपाय लागू पडत नाही.