डोलकाठ्यांवर उभे राहिलेले प्रवचनगृह

लंडनच्या सिटी रोडवरील ‘वेस्लीज चॅपेल’ ही वास्तू इंग्लंडच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे. जगभरचे मेथडिस्ट ख्रिस्ती तिला आपल्या पंथाचे मूळपीठ मानतात. गंमत अशी की ज्यांनी ती बांधवून घेतली त्या जॉन वेस्ली यांना नवा पंथ काढायचाच नव्हता. ते चर्च ऑफ इंग्लंडचे दीक्षित धर्मगुरू होते आणि अखेरपर्यंत आपण त्याच चर्चचे आहोत असे सांगत राहिले. मग ही इमारत नेमकी कशासाठी उभी राहिली? आणि आज आत गेल्यावर दिसते त्यातले वेस्लींचे किती, आणि त्यांच्यामागे अनुयायांनी चढवलेले किती? हे दोन प्रश्न घेऊन ही वास्तू पाहिली तर ती पुष्कळ काही सांगते, असा माझा अनुभव आहे.

वेस्लींचा जन्म 1703चा. 1738च्या मे महिन्यात लंडनमधल्या एका छोट्या प्रार्थनासभेत त्यांना जो आंतरिक अनुभव आला, त्यानंतर त्यांची प्रवचने बदलली आणि एकेका चर्चचे दार त्यांना बंद होऊ लागले. 1739मध्ये ब्रिस्टलजवळ त्यांनी उघड्या मैदानात बोलायला सुरुवात केली. ऐकायला येणारे बहुतेक खाणकामगार, विणकर, मोलमजुरी करणारे. चर्चची पायरी चढण्याइतके चांगले कपडे ज्यांच्याकडे नव्हते, असे लोक. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या मूरफील्ड्स भागातली तोफा ओतण्याची एक पडीक भट्टी त्यांना मिळाली. 1716मध्ये तिथे मोठा स्फोट झाला होता आणि तेव्हापासून ती मोडकळीस आली होती. तिची डागडुजी करून वेस्लींनी तिथे सभागृह, शाळा, गरिबांसाठी दवाखाना आणि लहान कर्जे देणारा निधी चालवला. ‘फाउंडरी’ या नावानेच ती जागा ओळखली जाई. त्यांची आई सुझाना तिथेच राहिली आणि 1742मध्ये तिथेच वारली.

जवळजवळ चाळीस वर्षे ही भट्टी मेथडिस्टांचे लंडनमधले केंद्र होती. पण भाडेपट्टा संपत आला आणि परिसरात नवी बांधकामे होणार हे दिसू लागले, तेव्हा 1776मध्ये वेस्लींनी देशभरच्या मेथडिस्ट मंडळ्यांकडे वर्गणी मागितली. जवळच सिटी रोडवर जागा मिळाली. 21 एप्रिल 1777 रोजी पायाचा दगड बसवला. त्या दिवशी जोराचा पाऊस होता. पाऊस नसता तर हजारो लोक आणखी आले असते, असे वेस्लींनी दैनंदिनीत नोंदवले आहे. तरीही दगडापर्यंत पोहोचायला त्यांना गर्दीतून वाट काढावी लागली. आराखडा लंडन शहराचे वास्तुविशारद जॉर्ज डान्स (धाकटे) यांचा मानला जातो. न्यूगेटचा तो प्रसिद्ध तुरुंगही त्यांनीच बांधला. चॅपेलचे बांधकाम मात्र सॅम्युअल टूथ या मेथडिस्ट बांधकाम व्यावसायिकाने केले. 1 नोव्हेंबर 1778 रोजी ते उघडले.

वेस्ली अशा इमारतींना चर्च म्हणत नसत. त्यांचा शब्द होता ‘प्रीचिंग हाउस’, म्हणजे प्रवचनगृह. या शब्दात एक कायदेशीर पेच दडलेला होता. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या उपासनागृहांना ‘विरोधी पंथीय’ म्हणून नोंदणी करावी लागे. आपण विरोधी नाही, असे वेस्लींचे म्हणणे. आणि नोंदणी न केल्यास दंगेखोरांपासून संरक्षण नाही, ही अडचण. अखेर 1787मध्ये त्यांनी आपली सभागृहे नोंदवून घ्यायचा सल्ला दिला, पण ‘विरोधी’ हा शब्द न लावता.

हा पेच सिटी रोडच्या इमारतीत विटामातीच्या रूपाने दिसतो. बाहेरून पाहिली तर ती साधी तपकिरी विटांची, दोन मजली अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्यांची, वर त्रिकोणी माथा असलेली. मनोरा नाही, घंटा नाही. एखाद्या सुस्थितीतल्या व्यापाऱ्याचे मोठे घर वाटावे अशी. दर्शनी खांबांचा मंडप मागाहून एकोणिसाव्या शतकात जोडलेला. आत रुंद, मोकळे दालन आणि तीन बाजूंना सज्जा. चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरागत देवळात नजर लांबट दालनातून सरळ वेदीकडे जाते. इथे मात्र मधोमध उंच व्यासपीठ आणि प्रभुभोजनाचे मेज त्याच्या मागच्या अर्धगोल कोनाड्यात. प्रवचन समोर, संस्कार मागे. मूळ व्यासपीठ तर तीन टप्प्यांचे होते. पुढे ते कापून ठेंगणे केले.

पण मेज आहे, ही गोष्ट मला व्यासपीठाइतकीच महत्त्वाची वाटते. तोवर मेथडिस्टांची रीत अशी होती की प्रवचन पहाटे पाचला किंवा संध्याकाळी ऐकायचे आणि प्रभुभोजनासाठी आपापल्या परगण्याच्या चर्चमध्ये जायचे. सिटी रोडवर मात्र पहिल्यापासून रविवारी इंग्लंडच्या चर्चच्याच प्रार्थनापुस्तकानुसार पूर्ण उपासना होई, दीक्षित धर्मगुरू ती चालवत आणि प्रभुभोजनही देत. म्हणजे तोंडाने प्रवचनगृह म्हणत असतानाच वेस्लींनी ज्यात चर्चची सगळी कामे होतील अशी वास्तू बांधली होती. ही गोष्ट त्यांच्यापेक्षा त्यांचे धाकटे बंधू चार्ल्स यांना अधिक स्पष्ट दिसत होती. हजारो भक्तिगीते लिहिणारे चार्ल्स 1788मध्ये वारले. चॅपेलच्या आवारात जॉनशेजारी दफन व्हावे ही भावाची इच्छा त्यांनी मानली नाही, कारण ती भूमी बिशपने पवित्र केलेली नव्हती. त्यांची कबर मॅरिलबोनच्या चर्चच्या आवारात आहे.

सज्जे पेलायला लाकडी खांब होते. ते जहाजांच्या डोलकाठ्यांचे असून राजा तिसरा जॉर्ज याने डेप्टफर्डच्या आरमारी गोदीतून ते दिले, असे परंपरा सांगते. सज्ज्याच्या दर्शनी पट्टीवर एक चिन्ह पुन्हा पुन्हा येते: सर्पाच्या वेटोळ्यात कबुतर. सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निरुपद्रवी व्हा, या येशूच्या उपदेशाची ती खूण. सजावट म्हणावी अशी गोष्ट जवळजवळ एवढीच, आणि वरचे नाजूक नक्षीचे छत.

बसण्याची व्यवस्थाही वेस्लींच्या दृष्टीने धर्माचाच भाग होती. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला, आणि कोणाचीही जागा राखीव नाही. त्या काळी इतर चर्चमध्ये भाडे भरून कुटुंबाचे बाक राखता येई, दार लावून घेता येई. गरीब मागे उभे राहत. 1787च्या डिसेंबरात सिटी रोडच्या समितीने असे खासगी बाक सुरू करायचा ठराव केला. वेस्ली अस्वस्थ झाले. आपल्या शिस्तीचा पायाच उखडला, असे त्यांना वाटले. जानेवारीत पुन्हा बैठक झाली आणि ठराव मागे घेतला गेला. ते तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. मैदानात उभे राहून ऐकणारे लोक आता वर्गणीदार झाले होते आणि वर्गणीदारांना आपली जागा हवी होती. समितीच्या सभासदांना मी दोष देत नाही. त्यांनीच पैसे उभे केले होते.

चॅपेलशेजारच्याच घरात 2 मार्च 1791 रोजी वेस्ली वारले. शववाहिनी नको, घोडागाड्या नकोत, थाट नको, सहा गरीब माणसांनी प्रेत उचलावे आणि प्रत्येकाला वीस शिलिंग द्यावेत, असे मृत्युपत्रात होते. गर्दीच्या भीतीने 9 मार्चला पहाटे पाचला, दिव्यांच्या उजेडात चॅपेलमागे दफन झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत मेथडिस्ट स्वतंत्र चर्च म्हणून वेगळे झाले. अमेरिकेत तर ते 1784मध्येच झाले होते, कारण बिशप तयार होईनात म्हणून तिकडे पाठवायच्या प्रचारकांना वेस्लींनी स्वतःच दीक्षा दिली होती. त्या अमेरिकन शाखेचा विल्यम टेलर हा प्रचारक 1871मध्ये मुंबईत आला. त्याआधीच 1848पासून मुंबईत फकिरीने राहणारे जॉर्ज बोवेन त्याला येऊन मिळाले. कुलाब्याचे बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च त्यांच्या नावाचे आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. 1879च्या डिसेंबरात चॅपेलला आग लागली आणि छताचे मोठे नुकसान झाले. आज आपण मान वर करून पाहतो ते छत म्हणजे मूळ नक्षीबरहुकूम नव्याने केलेली प्रतिकृती. खरा बदल झाला तो 1891मध्ये, वेस्लींच्या स्मृतिशताब्दीला. डोलकाठ्या काढून त्यांच्या जागी फ्रेंच जॅस्पर या झळझळीत दगडाचे खांब बसवले. परदेशच्या मेथडिस्ट मंडळींची ती देणगी. खिडक्यांत रंगीत काचचित्रे आली, अंगणात वेस्लींचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्याच शतकाच्या अखेरीस पुरुषांसाठी थॉमस क्रॅपर यांच्या कारखान्याची शौचालयेही बसवली. ती संगमरवर आणि महोगनीसह आजही वापरात आहेत आणि पाहायला मुद्दाम लोक येतात!

आपल्याकडे संताच्या साध्या समाधीला पुढे चांदीचा दरवाजा आणि संगमरवरी फरशी येते, तसेच हे. भक्तांना देण्यासारखे जे उत्तम वाटते ते ते देतात. तरी मला डोलकाठ्या अधिक योग्य वाटतात. रंगवलेले लाकूड त्या दालनाच्या साधेपणाशी जुळणारे होते. जॅस्परचे खांब नजर स्वतःकडे ओढून घेतात. मात्र त्या देणगीदारांत दूरदूरच्या देशांतली मंडळे होती. वेस्लींनी न काढलेला पंथ शंभर वर्षांत कुठवर पोहोचला होता याचा तो दगडी पुरावा आहे, हेही नाकारता येत नाही.

1970च्या दशकात इमारत धोकादायक ठरून बंद करावी लागली. पाडायची की वाचवायची, असा प्रश्न उभा राहिला. जगभरातून निधी जमला, दुरुस्ती झाली आणि बरोबर दोनशे वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1978 रोजी, राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या उपस्थितीत चॅपेल पुन्हा उघडले. पुढे तळघरात मेथडिझमचे संग्रहालय झाले. वर मात्र उपासना थांबलेली नाही. आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांतून आलेली कुटुंबे तिथे रविवारी मोठ्या संख्येने असतात, आणि बाकांवर कोणाचे नाव नसते. दुरुस्ती करताना जॅस्परचे खांब आहेत तिथेच राहू दिले. प्रवेशदालनात जुन्या डोलकाठ्यांपैकी काही अजून उभ्या आहेत. आत जाण्याच्या घाईत बहुतेक जण त्यांच्या शेजारून निघून जातात.