पणजीचा जुना शहरभाग

पणजीचा जुना शहरभाग हा गोव्याच्या राजधानीतील, मांडवी नदीच्या दक्षिण तीरावरील ऐतिहासिक परिसर होय. नदीतील तरंगत्या कॅसिनोंमुळे पणजी आज देशभर ओळखली जाते.

इतिहास
१७५९ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयचे निवासस्थान येथील आदिलशाही राजवाड्यात आले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. पुढे हा राजवाडा सचिवालय म्हणून वापरात होता.

पुनरुज्जीवन
२००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो. त्यानिमित्त वैद्यकीय महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीचे नूतनीकरण झाले. आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याची फोंतेन्हास वस्ती रंगीत भिंती, कौलारू छपरे व अरुंद गल्ल्या यांसाठी प्रसिद्ध आहे. ती पायी पाहणेच सोयीचे. मात्र ही घरे राहती असल्याने छायाचित्रे घेताना रहिवाशांची संमती घेणे उचित ठरते.

कॅसिनो
१९७६ च्या गोव्यातील जुगारविषयक कायद्यात नव्वदच्या दशकात दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांत व जहाजांवर कॅसिनोंना मुभा मिळाली. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे खेळण्यास मनाई आहे. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द झाला. शासनाला मिळणारा महसूल आणि नदी व शहराच्या स्वरूपावरील परिणाम, हा पणजीतील सततचा वादविषय आहे.