अँटीलॉक ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण

अँटीलॉक ब्रेक प्रणाली (संक्षेपाने एबीएस) आणि इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण प्रणाली (संक्षेपाने ईएससी) या मोटारवाहनांतील दोन परस्परसंबद्ध सुरक्षा प्रणाली आहेत. जोराने ब्रेक दाबल्यावर चाके जखडून वाहन घसरू नये, हे पहिलीचे काम. वाहन चालकाने वळवलेल्या दिशेपासून भरकटू लागल्यास त्याला पुन्हा मार्गावर आणणे, हे दुसरीचे. दोन्ही प्रणाली प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे हाताळतात. मात्र टायर आणि रस्ता यांच्यातील पकड त्या वाढवू शकत नाहीत. उपलब्ध असलेली पकड वाया जाऊ न देणे एवढेच त्यांचे कार्य आहे. या प्रणालींचे सामर्थ्य आणि मर्यादा ही दोन्ही याच एका गोष्टीतून उद्भवतात.

भौतिक आधार

चालत्या मोटारीचा रस्त्याशी संबंध चार टायरांच्या चार लहान स्पर्शखंडांपुरता असतो. प्रत्येक स्पर्शखंडाचा आकार साधारण तळहाताएवढा असतो. वेग वाढवणे, कमी करणे आणि वळणे या तिन्ही क्रियांसाठी लागणारे बल याच स्पर्शखंडांतील घर्षणातून मिळते. या घर्षणाला कमाल मर्यादा असते. तिचा मोठा भाग ब्रेकसाठी खर्च झाला, तर वळण्यासाठी थोडाच शिल्लक राहतो.

ब्रेक लावल्यावर चाकाचा परिघीय वेग वाहनाच्या वेगापेक्षा कमी होतो. या फरकाच्या प्रमाणाला घसर-प्रमाण म्हणतात. मुक्तपणे फिरणाऱ्या चाकाचे घसर-प्रमाण शून्य, तर पूर्ण जखडलेल्या चाकाचे १०० टक्के असते. डांबरी रस्त्यावर सर्वाधिक पकड साधारण १० ते २० टक्के घसर-प्रमाणाच्या आसपास मिळते. त्यापुढे पकड कमी होत जाते, आणि चाक पूर्ण जखडल्यास ते बाजूचे बल जवळजवळ देऊच शकत नाही. म्हणून पुढील चाके जखडली, तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी मोटार सरळच घसरत जाते. मागील चाके आधी जखडली, तर मोटारीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि ती स्वतःभोवती गरकन फिरते.

थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि घर्षणाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक ०.७ आणि ओल्या, चिखलट डांबरावर ०.४ असा धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यापासून अनुक्रमे सुमारे २० आणि ३५ मीटरांत थांबते. ताशी ८० किलोमीटर वेगाला हीच अंतरे सुमारे ३६ आणि ६३ मीटर होतात. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाला एक सेकंद लागला, तर त्या अवधीत कापलेले १७ किंवा २२ मीटर यांत मिळवावे लागतात. म्हणजे ओल्या रस्त्यावर ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवल्यास एकूण अंतर सुमारे ५२ मीटरांवरून ८५ मीटरांवर जाते. कोणतीही इलेक्ट्रॉनिक प्रणाली हे गणित रद्द करू शकत नाही.

अँटीलॉक ब्रेक प्रणालीची रचना व कार्य

एबीएसचे तीन मुख्य भाग असतात: चाकांचा वेग मोजणारे संवेदक, इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आणि ब्रेकद्रवाचा दाब बदलणारा झडपांचा संच. चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकीय कड्याजवळ संवेदक बसवलेला असतो. कडे फिरताना संवेदकात विद्युत्‌स्पंद निर्माण होतात आणि त्यांच्या वारंवारतेवरून नियंत्रक चाकाचा वेग ठरवतो. एखाद्या चाकाचा वेग इतरांच्या मानाने फार झपाट्याने घटू लागला, तर ते चाक जखडण्याच्या बेतात आहे, असा त्याचा अर्थ होतो.

प्रत्येक चाकाच्या ब्रेकनळीवर दोन विद्युत्‌चुंबकीय झडपा असतात. प्रवेशझडप सामान्य स्थितीत उघडी असते, तर निर्गमझडप बंद असते. चाक जखडू लागताच नियंत्रक प्रवेशझडप बंद करतो, त्यामुळे चालकाने पाय आणखी दाबला तरी त्या चाकावरील दाब वाढत नाही. तेवढ्याने भागले नाही, तर निर्गमझडप उघडून काही द्रव बाहेर काढला जातो. दाब उतरतो आणि चाक पुन्हा वेग घेते. मग निर्गमझडप बंद होऊन दाब टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. बाहेर काढलेला द्रव विजेवर चालणारा पंप परत मुख्य नळीत ढकलतो. दाब धरणे, उतरवणे आणि चढवणे हे चक्र एका सेकंदात अनेकदा घडते. पायडलखाली जाणवणारी थरथर आणि ऐकू येणारा खरखराट हा या झडपांचा व पंपाचा असतो. तो बिघाड नव्हे, प्रणाली काम करीत असल्याची ती खूण आहे.

याच सामग्रीवर आणखी काही कार्ये उभारलेली आहेत. इलेक्ट्रॉनिक ब्रेकबल विभागणी मोटारीतील भारानुसार पुढील व मागील चाकांत ब्रेकबल वाटते. ब्रेक साहाय्य प्रणाली पायडल किती झपाट्याने दाबले गेले यावरून आणीबाणी ओळखते व पूर्ण दाब पुरवते. कर्षण नियंत्रण वेग वाढवताना जागच्या जागी फिरणाऱ्या चाकाला आवरते.

स्थैर्य नियंत्रणाचे कार्य

एबीएस चाकांकडे पाहते, तर ईएससी संपूर्ण मोटारीकडे पाहते. तिला चाकांच्या वेगाशिवाय आणखी माहिती लागते. स्टिअरिंग किती वळवले आहे हे एक संवेदक सांगतो. मोटार स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती वेगाने फिरत आहे, हे दुसरा मोजतो. बाजूच्या दिशेने तिला किती त्वरण मिळत आहे, हे तिसरा मोजतो. स्टिअरिंग आणि वेग यांवरून नियंत्रक चालकाला अपेक्षित असलेला मार्ग काढतो व प्रत्यक्ष हालचालीशी त्याची तुलना करतो. ही तुलना सेकंदाला सुमारे २५ वेळा केली जाते.

दोहोंत तफावत आढळल्यास दोन शक्यता असतात. वळणावर पुढील चाकांची पकड सुटली, तर मोटार अपेक्षेपेक्षा कमी वळते आणि वळणाच्या बाहेर जाऊ लागते. यास अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी प्रणाली मुख्यतः वळणाच्या आतील बाजूच्या मागील चाकाला ब्रेक लावते आणि मोटार आत वळते. उलट, मागील चाकांची पकड सुटली, तर मागचा भाग बाहेर फेकला जातो. हा ओव्हरस्टिअर होय. तेव्हा मुख्यतः बाहेरील बाजूच्या पुढील चाकाला ब्रेक लावून मोटारीचे अवाजवी फिरणे थोपवले जाते. दोन्ही प्रसंगी गरजेप्रमाणे इंजिनची शक्तीही कमी केली जाते. चालकाने ब्रेकवर पाय ठेवलेला नसतानाही हे घडते. एकच चाक निवडून त्याला ब्रेक लावणे कोणत्याही निष्णात चालकाला शक्य नाही, कारण त्याच्या पायाखाली एकच पायडल असते.

इतिहास

चाके जखडू न देण्याचे प्रयत्न प्रथम विमानांसाठी झाले. १९५० च्या दशकात ब्रिटनमधील डनलॉप कंपनीची मॅक्सरेट ही यांत्रिक प्रणाली विमानांत वापरात आली. १९६६ मधील जेन्सन एफएफ या मोटारीत तिचेच रूप बसवले होते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेली बॉश कंपनीची चार चाकांची प्रणाली १९७८ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास मोटारीत आली. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने मोटारसायकलीसाठी एबीएस उपलब्ध केले.

स्थैर्य नियंत्रण १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास श्रेणीत प्रथम आले. बॉशमधील त्याच्या विकासाचे नेतृत्व अँटन व्हान झांटेन यांनी केले. १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाने अचानक आलेला अडथळा चुकवण्याची चाचणी घेतली असता मर्सिडीजची लहान ए-क्लास मोटार उलटली. त्यानंतर कंपनीने त्या मोटारीत ही प्रणाली सरसकट बसवली, आणि महागड्या मोटारींपुरते असलेले हे तंत्र लहान मोटारींत पोहोचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००७ मध्ये नियम करताना एकाच वाहनाचा समावेश असलेले अपघात प्रवासी मोटारींच्या बाबतीत ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्ही प्रकारात ५९ टक्क्यांनी घटतील, असा अंदाज वर्तवला होता. युरोपीय संघात २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना ही प्रणाली बंधनकारक आहे.

भारतातील स्थिती

भारतात मोटारींच्या नव्या प्रारूपांना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या प्रारूपांना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक झाले. १२५ घनसेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेच्या दुचाकींनाही याच तारखा लागू झाल्या. त्याहून लहान दुचाकींसाठी संयुक्त ब्रेक प्रणाली पुरेशी मानली गेली. तिच्यात एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना बल मिळते, परंतु चाक जखडणे ती ओळखू शकत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या मूल्यांकनात तीन किंवा अधिक तारे मिळवण्यासाठी ईएससी आवश्यक आहे. वाहनांच्या चाचणीचे व मानके तयार करण्याचे काम करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था पुण्यात असून तिची स्थापना १९६६ मध्ये झाली.

वनप्रदेशातील रस्ते: गोंडपिपरी परिसर

या प्रणालींचे कार्य आणि मर्यादा पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा वनप्रदेशातील रस्त्यावर अधिक स्पष्ट दिसतात. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी हे तालुक्याचे ठिकाण बल्लारपूरहून कोठारीमार्गे वैनगंगेकाठच्या आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आष्टीपुढे गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीचे सागवनाचे जंगल लागते. या भागात पुढील परिस्थिती वारंवार उद्भवते.

पहिली, मुरमाची साइडपट्टी. समोरून जड वाहन आले की मोटारीची डावी चाके डांबराखाली उतरतात. अशा वेळी जोराने ब्रेक दाबल्यास उजव्या चाकांना डांबराची चांगली पकड, तर डाव्या चाकांना मुरमाची कमी पकड मिळते. परिणामी मोटार उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिशेने, ओढली जाते. एबीएस डाव्या चाकांना जखडू देत नाही आणि उजव्या पुढील चाकावरील दाब सावकाश वाढवते, म्हणून चालकाला स्टिअरिंग सावरण्यास क्षणभर अवसर मिळतो. साइडपट्टीवरून हिसका देऊन मोटार पुन्हा डांबरावर घेताना ती आडवी फिरण्याचा धोका असतो. तेथे ईएससीचा उपयोग होतो.

दुसरी, चिखल. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीतून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरतो. पहिल्या पावसात धूळ, तेल आणि पाणी यांचाही निसरडा थर बनतो. येथे एबीएस दिशा राखण्यास मदत करते, पण थांबण्याचे अंतर लांबलेलेच राहते.

तिसरी, वन्यप्राणी. चितळ, रानडुक्कर किंवा रोही अचानक रस्त्यावर येतात आणि चितळाच्या एका मादीमागे बहुधा आणखी काही असतात. एबीएस असलेल्या मोटारीत जोराने ब्रेक दाबूनही दिशा बदलता येते. तथापि, अरुंद रस्त्यावर झाड किंवा समोरचे वाहन यांच्याकडे वळण्यापेक्षा आपल्याच पट्ट्यात वेग कमी करणे अधिक सुरक्षित ठरते. रात्री दिव्यांच्या झोतात प्राणी जेवढ्या अंतरावर दिसतो, त्यापेक्षा थांबण्याचे अंतर अधिक असेल, तर नियंत्रकाला वेळच उरत नाही.

मर्यादा व गैरसमज

एबीएसमुळे मोटार नेहमीच कमी अंतरात थांबते, हा समज बरोबर नाही. सुटी खडी, वाळू किंवा जाड धूळ यांवर जखडलेले चाक आपल्यापुढे मातीचा ढीग साचवते आणि त्याचा अडसर वेग कमी करतो. एबीएस चाक फिरते ठेवत असल्यामुळे हा ढीग साचत नाही आणि अंतर वाढू शकते. स्टिअरिंगवरचे नियंत्रण मात्र तेथेही टिकते.

दुसरा प्रश्न सवयीचा आहे. जुन्या वाहनांवर शिकलेले चालक निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबत-सोडत असत, आणि त्या वाहनांत ते योग्यच होते. एबीएस असलेल्या मोटारीत तसे केल्यास अंतर वाढते. पायडल थरथरताच घाबरून पाय उचलणे तर अधिक घातक असते. पायडल पूर्ण जोराने दाबून तसेच धरणे आणि हातांनी दिशा सांभाळणे, ही योग्य पद्धत होय.

तिसरा प्रश्न मानसिक आहे. १९८० च्या दशकात म्युनिक शहरातील टॅक्सींच्या अभ्यासात एबीएस असलेल्या टॅक्सींचे अपघात अपेक्षेप्रमाणे कमी झाले नसल्याचे दिसले. त्यांचे चालक अधिक आक्रमकपणे वाहन चालवीत होते. सुरक्षेमुळे मिळालेली सवड वेगात खर्च केली, की लाभ नाहीसा होतो.

देखभाल

वाहन सुरू करताना एबीएसचा पिवळा दिवा लागून काही सेकंदांत विझतो. तो सुरूच राहिल्यास प्रणाली बंद असते, साधे ब्रेक मात्र चालू असतात. संवेदकावर चिखल साचणे किंवा त्याची तार तुटणे ही याची नेहमीची कारणे आहेत. लाल दिवाही लागला असेल, तर मूळ ब्रेकमध्येच दोष संभवतो आणि वाहन पुढे नेणे धोक्याचे असते. ब्रेकद्रव, म्हणजे बोलीतील ब्रेक ऑइल, हवेतील ओलावा शोषून घेतो, म्हणून तो ठरावीक मुदतीने बदलावा लागतो. टायरवरील खाचा झिजल्या असतील, तर ओल्या रस्त्यावर टायरखालचे पाणी बाहेर पडत नाही व चाके पाण्यावर तरंगतात. अशा टायरवर एबीएस आणि ईएससी या दोन्ही प्रणालींचा फारसा उपयोग होत नाही.