गाडीतून जळाल्याचा वास येतोय? थांबायचं की पुढे जायचं, हे असं ठरवा

मे महिन्यातली दुपार. बाहेर ४४ अंश तापमान. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पांढरकवडा मागे पडलंय, पाटणबोरी अजून पुढे आहे. अचानक गाडीत काहीतरी जळाल्याचा वास येतो. डॅशबोर्डवर एकही लाल दिवा नाही. अशा वेळी अनेक जण 'बाहेरून येत असेल' म्हणतात आणि पुढे निघतात.

यवतमाळ जिल्ह्यात हे खरंही असू शकतं. उन्हाळ्यात शेतांमध्ये पऱ्हाटी जाळली जाते, तिचा धूर रस्त्यावर येतो. पण किलोमीटरभर पुढे जाऊनही वास गेला नाही किंवा गाडी थांबवल्यावर तो वाढला, तर तो तुमच्याच गाडीचा आहे. अनेक बिघाडांमध्ये दिवा लागण्याआधी वास येतो, काहींमध्ये तर दिवा लागतच नाही.

उन्हाळ्यात हा त्रास का वाढतो?

इंजिनमधलं कूलंट साधारण ९० अंशांवर असतं. रेडिएटर ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. हवा २५ अंशांची असेल तर दोघांत ६५ अंशांचा फरक असतो, ४४ अंशांना तो ४६ वर येतो. म्हणजे इंजिन थंड करणं अवघड होतं. वर एसीचा भार असतोच. त्यात रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी भरलं असेल तर आत थर साचतो आणि गाडी लवकर तापते.

कोणता वास, कोणता बिघाड?

प्लास्टिक किंवा वायर जळाल्यासारखा: सर्वात धोकादायक. वायरिंग शॉर्ट झालेलं असू शकतं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि बाहेरून जोड देऊन बसवलेले जादा लाइट-हॉर्न ही नेहमीची कारणं. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार गुंडाळू नका. तितक्याच अँपिअरचा फ्यूज लावा आणि तो का उडाला ते शोधा.

गोडसर वास: कूलंट गळतंय. पाइप, रेडिएटर किंवा वॉटर पंप तपासावा लागतो. तापमानाचा काटा वर जात असेल तर पुढे जाऊ नका. तापलेली गाडी तशीच दामटली तर हेड गॅस्केट जातं आणि पाइप बदलण्याचं काम इंजिन उघडण्यापर्यंत पोहोचतं.

तेल जळाल्यासारखा: इंजिन ऑइल गळून तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडतंय. टॅपेट कव्हरचं पॅकिंग खराब होणं हे यामागचं नेहमीचं कारण. पॅकिंग बदलणं हे तुलनेनं छोटं काम आहे. मात्र नुकतंच ऑइल बदललं असेल, तर सांडलेल्या थेंबांचाही वास येतो. तो एक-दोन दिवसांत जातो.

रबर जळाल्यासारखा, सोबत चिरचिर आवाज: फॅन बेल्ट घसरतोय. अनेक गाड्यांमध्ये हाच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो, त्यामुळे तो तुटला की गाडी तापते.

कागद जळाल्यासारखा उग्र वास: चढावर किंवा गर्दीत अर्धा क्लच दाबून गाडी चालवल्यास क्लच प्लेट जळते. क्लचवरून पाय काढल्यावर वास जात असेल तर सवय बदला. येतच राहिला तर प्लेट तपासून घ्या. असाच वास चाकाजवळ येत असेल तर हँडब्रेक लागलेला आहे का पाहा. तो सुटा असेल तर ब्रेक जाम झालेला असू शकतो. चाकाला हात लावू नका, ते भाजण्याइतकं तापलेलं असतं.

गवत किंवा कॅरीबॅग जळाल्यासारखा: सायलेन्सरचा पुढचा भाग काही शे अंशांपर्यंत तापतो. शेतरस्त्यावरून आल्यावर गाडीखाली वाळलेलं गवत, कापूस किंवा पिशवी अडकते. इंजिन थंड झाल्यावर ती काढून टाका.

पेट्रोल-डिझेलचा वास हा जळाल्याचा नसतो, पण तो आला तरी लगेच थांबून इंजिन बंद करा.

मग करायचं काय?

वायरचा वास, धूर किंवा चढता काटा, यातलं एकही असेल तर गॅरेज गाठण्याचा विचार सोडा. चारही इंडिकेटर लावून गाडी डावीकडे घ्या. वाळलेल्या गवतावर मात्र उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरनं ते पेटू शकतं. इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि रस्त्यापासून दूर न्या.

बोनेटमधून धूर किंवा ज्वाळा दिसत असतील तर बोनेट उघडू नका. आत एकदम हवा मिळाली की आग भडकते. ११२ वर फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांकही आहे.

गाडी नुसतीच तापली असेल तर किमान अर्धा तास थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी दाबानं अंगावर येतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलंटची पातळी पाहा. ती खाली गेली असेल तर गळती शोधल्याशिवाय लांबचा प्रवास नको.

घरी तपासायचं असेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी काळा-तपकिरी डाग दिसला तर ऑइल, हिरवा किंवा गुलाबी दिसला तर कूलंट. एसीचं स्वच्छ पाणी असेल तर काळजी नाही.

मेकॅनिककडे गेल्यावर नुसतं 'वास येतो' म्हणू नका. चढावर येतो, ब्रेक दाबल्यावर येतो, एसी लावल्यावर येतो की गाडी थांबल्यावर, ते सांगा. त्यावरून त्याला नेमकी जागा लवकर सापडते आणि गरज नसलेले पार्ट बदलले जात नाहीत.