मागाचा आवाज आणि मागचा आवाज

कबनुरात शांतता कळते ती लाईट गेल्यावर. खालच्या मजल्यावरचे, शेजारच्या शेडमधले, गल्लीच्या टोकाचे माग एका दमात थांबतात आणि मग कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टीसुद्धा दचकवते. एरवी खडखडाट. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ मध्ये. शहराला चिकटलेलं आमचं गाव आता कित्येक पिढ्या त्याच तालावर झोपतं आणि त्याच तालावर उठतं.

अशा घरात दणदणीत सिनेमा ऐकायचा कसा? पाच स्पीकर आणि एक वूफर मांडायला दहा बाय बाराच्या खोलीत जागा नाही. जागा केलीच, तरी खालचे माग त्या स्पीकरांना पुरून उरतात. शिवाय भिंतीपलीकडे रात्रपाळी करून आलेला शेजारी झोपलेला असतो. म्हणून आमच्या गल्लीतल्या एका भाच्याने हेडफोनचा ऑडिओ प्रोसेसर आणला. तळहाताएवढा डबा. एका बाजूने टीव्हीची वायर आत, दुसऱ्या बाजूने हेडफोन. आत सहा चॅनेल जातात, बाहेर दोनच येतात, आणि तरीही आवाज पुढून, बाजूने, पाठीमागून आल्यासारखा वाटतो, असा या डब्याचा दावा.

भाच्याने हेडफोन आधी आपल्या मामांच्या डोक्यावर चढवला. मामांनी चाळीसेक वर्षं माग चालवले. पडद्यावर हेलिकॉप्टर. "मामा, आता बघा, मागनं येतंय!" मामा थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "मागनं कुटलं रं? सगळं हितं कपाळात वाजतंय की." भाच्याला मात्र तेच हेलिकॉप्टर मानेमागून उठून डोक्यावरून जाताना स्वच्छ ऐकू येत होतं. डबा तोच, हेडफोन तोच, सिनेमाही तोच.

मला याचं नवल वाटलं, कारण सिनेमावाले ज्याला सराउंड म्हणतात त्यात मामांचा जन्म गेलाय. मागवाला चार मागांच्या मधल्या बोळात उभा असतो, दोन माग समोर आणि दोन पाठीशी. प्रत्येक मागावर मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा धोटा इकडून तिकडे जातो. त्या गदारोळात बोलणं चालतं ते हातवाऱ्यांनी. पण पाठीमागच्या उजव्या मागाची लय जरा बिघडली, की मामा न बघता तिकडे वळायचे. मग शेडमध्ये दिशा ओळखणारा माणूस हेडफोनमध्ये का चुकला?

आवाजाची दिशा कानाला आयती मिळत नाही, ती मेंदू हिशेबाने काढतो. दोन कानांत साधारण १८ सेंटिमीटरचं अंतर आहे आणि आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. डावीकडून आलेला आवाज डोक्याला वळसा घालून उजव्या कानाशी पोचतो तो फार तर ०.६५ मिलिसेकंद उशिरा. एवढासा उशीर मेंदूला पुरतो. खरं तर याच्याही खूप कमी पुरतो: सेकंदाचे एक लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाइतका फरकही तयार कान पकडतो. दुसरी खूण जोराची. उंच पट्टीच्या आवाजाला डोकं आडवं येतं आणि पलीकडच्या कानावर त्याची सावली पडते. खर्जाचा आवाज मात्र डोक्याला सहज वळसा घालून जातो. म्हणून खर्जासाठी उशीर आणि उंच पट्टीसाठी जोर, अशी वाटणी लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्येच मांडली होती.

डावं-उजवं इतक्यात उरकतं. पंचाईत पुढच्या-मागच्याची. नाकासमोरचा आवाज आणि बरोबर पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, एकाच जोराने पोचतात. मग फरक कसा कळतो? तिथे बाहेरचा कान कामाला येतो. चष्म्याची दांडी अडकवायला आणि शाळेत पिळायला दिलेला अवयव, असा आपला त्याच्याबद्दल समज असतो. पण त्याच्या घड्या आणि खळगे आवाजाला दिशेनुसार वेगवेगळा रंग देतात, म्हणजे काही वारंवारता दाबतात आणि काही उचलून धरतात. पुढून आलेला आवाज एका रंगाचा, मागून आलेला दुसऱ्या, वरून आलेला तिसऱ्या. हे मुख्यतः ५,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर घडतं. ५,००० हर्ट्झची ध्वनिलहर जेमतेम ७ सेंटिमीटर लांबीची असते. त्याहून फार लांब लहरीला कानाच्या घड्या जाणवतच नाहीत. हा ५,०००चा आकडा लक्षात ठेवा, मामांची गोष्ट तिथेच अडकली आहे.

हेडफोन या सगळ्याला बगल देतो. आवाज सरळ कानाच्या भोकाशी आणून सोडला, की डोक्याचा वळसा नाही, सावली नाही, घड्यांचा रंगही नाही. खोलीच्या भिंतींवरून परतणारे ध्वनीही नाहीत. मेंदूला बाहेरच्या जगाची एकही खूण न मिळाल्यामुळे तो आवाज दोन कानांच्या मध्ये, कवटीच्या आत नेऊन ठेवतो. गाणं ऐकताना याचं कुणाला काही वाटत नाही. सिनेमात मात्र पडदा समोर आणि संवाद टाळूखाली, असा प्रकार होतो.

प्रोसेसर काय करतो, तर गाळलेल्या खुणा गणिताने परत भरतो. त्यासाठी आधी त्या मोजाव्या लागतात. अमेरिकेतल्या एमआयटीत १९९४ मध्ये 'केमार' नावाच्या पुतळ्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून भोवतालच्या ७१० दिशांनी आवाज ऐकवला गेला आणि प्रत्येक दिशेला दोन्ही कानांशी काय पोचतं, याची नोंद झाली. ही मापं सगळ्यांना खुली केली गेली आणि जगभरच्या संशोधकांनी ती वापरली. अशा मापाला एचआरटीएफ म्हणतात. आपण त्याला कानाचा ठसा म्हणू. समोरच्या डाव्या स्पीकरची जागा ३० अंशांवर, मागच्या स्पीकरची ११० अंशांच्या आसपास. ज्या चॅनेलची जी जागा, तिथला ठसा त्या चॅनेलवर उमटवायचा आणि सगळं मिळून डाव्या-उजव्या कानात सोडायचं. वूफरच्या खर्जाला दिशेची गरज नाही, तो दोन्हीकडे सारखा.

हे बोलायला सोपं आहे. पाच चॅनेल, प्रत्येकाचे दोन कान, म्हणजे दहा ठसे. खोलीचा घुमारा धरून एकेक ठसा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा घेतला, तर सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या ध्वनीत तो ४,८०० आकड्यांचा होतो. सरळ गुणाकार-बेरजा करत बसलं, तर दर सेकंदाला २३० कोटी. एवढं गणित वाचवायला ध्वनीचे मोठे तुकडे गोळा करून एकदम हिशेब केला, तर नटाचे ओठ हलून झाल्यावर संवाद आला असता. ही अडचण जलद आणि जवळजवळ विनाविलंब गणिताची युक्ती काढून सोडवणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातल्या सिडनीची 'लेक' ही कंपनी पुढे होती. 'डॉल्बी हेडफोन' या नावाने जे जगभर गेलं ते तिचंच काम. पुढे डॉल्बीने ती कंपनीच विकत घेतली.

मूळ कल्पना मात्र फार जुनी. १८८१च्या पॅरिस प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावरून टेलिफोनच्या तारा ओढल्या होत्या. दोन कानांना दोन वेगळे रिसीव्हर लावले, की गायक रंगमंचावर कुठून कुठे सरकला ते ऐकणाऱ्याला कळत होतं. आपल्या कोल्हापुरात प्रभातने 'अयोध्येचा राजा' बोलता केला १९३२ मध्ये, म्हणजे त्यानंतर अर्ध्या शतकाने, आणि तोही एकाच चॅनेलचा. त्या एका चॅनेलवर लोकांनी जीव ओवाळला, हेही सांगून ठेवतो. चॅनेल वाढले म्हणून सिनेमा सुधारतोच असं नाही.

ठशाची खरी गोम अशी, की तो दुसऱ्याच्या कानाचा असतो. बोटांचे ठसे वेगळे तसे कानही वेगळे. पुतळ्याचा किंवा सरासरीचा ठसा तुमच्या कानाशी जुळला तर हेलिकॉप्टर मागे जातं, नाही जुळला तर ते कपाळात शिरतं. नेदरलँड्समध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याचा सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही जणांच्या कानांच्या खळग्यांत साचे बसवून कानांचा आकारच बदलला. पहिल्या दिवशी त्यांना आवाज वरचा की खालचा हे सांगता येईना. साचे लावून ते रोजचं आयुष्य जगत राहिले आणि काही आठवड्यांत नव्या कानांनी दिशा ओळखू लागले. साचे काढले तर जुने कान विसरलेले नव्हते! दुसरी भाषा शिकल्याने पहिली पुसत नाही, तसंच. म्हणून नवा प्रोसेसर पहिल्या दिवशी फसवा वाटला तर लगेच परत करू नका, त्याला काही दिवस द्या.

ज्यांना थांबायचं नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. 'स्मिथ रिअलायझर' नावाचं महागडं यंत्र तुमच्याच कानात इवले मायक्रोफोन बसवून, खऱ्या स्पीकरांच्या खोलीत बसवून तुमचाच ठसा घेतं. अ‍ॅपलने २०२२ पासून फोनच्या कॅमेऱ्याने कानाची मापं घ्यायला सुरुवात केली. हा त्याचाच स्वस्त भाऊ.

भाच्याची एक चूकही इथेच सांगतो, कारण ती सगळे करतात. त्याच्या टीव्हीची ऑडिओ सेटिंग 'पीसीएम'वर होती. ऑप्टिकल वायरमधून साधा पीसीएम फक्त दोन चॅनेलचा जातो, सहा चॅनेल जायचे तर सेटिंग 'बिटस्ट्रीम' हवी. ती बदलेपर्यंत डब्याला सराउंड मिळतच नव्हता, मिळालेल्या दोनांतून तो आपल्या अंदाजाने सहा करत होता. टीव्हीतला 'व्हर्च्युअल सराउंड'ही बंद करावा लागला, नाहीतर ठशावर ठसा उमटतो आणि संवाद नळकांड्यातून आल्यासारखे होतात. प्रोसेसरनंतर साधा, दोन चॅनेलचा वायरवाला हेडफोन चालतो. हेडफोनच्या खोक्यावरचं '७.१' बघून जास्त पैसे मोजायचं कारण नाही. शेवटी कान दोनच.

सेटिंग सुधारल्यावर भाच्याला अजून छान ऐकू येऊ लागलं. मामांचं कपाळ तसंच वाजत राहिलं.

याचं उत्तर मामांच्या कानात, किंबहुना चाळीस वर्षांच्या मागांत आहे. मागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. अशा आवाजाने होणारं बहिरेपण आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास खळगा पाडतं आणि तिथून पसरत जातं. वय त्यात वरच्या पट्टीची आणखी भर घालतं. बोलणं बऱ्यापैकी ऐकू येत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. पण पुढचं-मागचं सांगणारा कानाच्या घड्यांचा रंग नेमका ५,००० हर्ट्झच्या आसपास आणि वर असतो. मामांच्या कानातून तोच पुसट झाला असणार. प्रोसेसरने कितीही मेहनतीने रंग भरला तरी तो त्यांना दिसणार कुठून?

मग शेडमध्ये त्यांना पाठीमागचा माग कसा कळायचा? हान्स वालाख या मानसशास्त्रज्ञाने १९४० मध्ये याचं उत्तर देऊन ठेवलंय: मान वळवून. आवाज समोर असेल आणि मान डावीकडे वळवली, तर उजवा कान आवाजाच्या जवळ येतो. आवाज पाठीमागे असेल तर डावा कान जवळ येतो. या बदलाला उंच पट्टी लागत नाही, धोट्याच्या धडाक्यातला खर्ज पुरतो. मामा आयुष्यभर मान हलवत ऐकत आले. साध्या प्रोसेसरमध्ये मात्र मान वळवली की सगळे आभासी स्पीकरही डोक्याबरोबर वळतात, आणि ती उरलेली एकमेव खूणही निकामी होते.

हे पटल्यावर आम्ही मानेची हालचाल टिपणारा हेडफोन कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणला. त्यात मान वळवली तरी स्पीकर जागचे हलत नाहीत. तेच हेलिकॉप्टर लावलं. मामांनी मान जराशी डावीकडे केली, मग उजवीकडे. हात वर करून मानेमागे बोट दाखवलं. "आता आलं बघ मागनं."

भाच्याला वाटलं, खरेदी ठरली. मला काळजी वाटली ती भाच्याची. तोही दिवसपाळीला मागावर जातो, आणि घरी आल्यावर खालच्या खडखडाटावर मात करायला हेडफोनचा आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. तो ३ डेसिबलनी वाढला की वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ला २० तास. हा सगळा वाटा मागच खाऊन टाकतात.

कबनूर-इचलकरंजीत ज्यांनी मागावर दहा-वीस वर्षं काढली आहेत, त्यांना एक विनंती. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. नेहमीच्या तपासणीत २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत कान तपासतात. कागद हातात आला की ४,००० आणि ६,०००च्या रेघेवर आलेख किती खाली उतरलाय ते डॉक्टरांना बोट ठेवून विचारा. आणि घरातला पोरगा उद्या पाळीला निघाला, की त्याच्या खिशात इयरप्लगची जोडी आहे का, तेवढं बघा.