रक्तातील रोजकीर्द

भर दुपारी पेट्रोल पंपावर उभे राहून गाडीच्या टाकीच्या तोंडाकडे निरखून पाहिले, तर नळी आत सरकताच तेथील हवा थरथरू लागते, पलीकडची भिंत वितळल्यासारखी भासते, आणि नळी धरणारा तरुण, टाकी कितपत भरली हे पाहण्यासाठी, नेमका त्याच हवेत वाकतो. पेट्रोल आत शिरते तसतशी टाकीतली वाफ बाहेर रेटली जाते. गिऱ्हाईक दोन मिनिटांत निघून जाते, तो मात्र पाळी संपेपर्यंत तेथेच असतो.

या वाफेतील सर्वांत घातक घटक म्हणजे बेंझिन. मायकेल फॅरडे यांनी १८२५ मध्ये ते दिव्याच्या वायूच्या तेलकट अवशेषातून प्रथम वेगळे केले. १८९७ साली वैद्यकीय संशोधक सँटेसन यांनी स्वीडनमधील सायकल-टायरच्या कारखान्यात याच द्रव्याने तरुण कामगार स्त्रियांचे रक्त आटल्याची हकीकत नोंदवली, आणि १९२८ मध्ये फ्रान्समध्ये रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध प्रथम वर्णिला गेला. आज भारत स्टेज सहाच्या मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझिन आकारमानाने १ टक्क्याहून अधिक असता कामा नये. तथापि रोज, वर्षानुवर्षे त्या वाफेत श्वास घेणाऱ्याला हा एक टक्का अल्प नव्हे.

जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद अशी तीन दप्तरे असत. रक्तातही तशीच तीन आढळतात. रक्तात जसेच्या तसे विरघळलेले बेंझिन ही रोजकीर्द: त्यातील बहुतांश काही तासांतच ओसरत असल्यामुळे नमुना पाळी संपतानाच घ्यावा लागतो, आणि सिगारेटच्या धुरातही बेंझिन असल्यामुळे धूम्रपान करणाऱ्याचा हिशेब निराळा मांडावा लागतो. यकृत या परक्या द्रव्याची विल्हेवाट लावू पाहते, परंतु त्या खटपटीतच अधिक दाहक संयुगे निर्माण होऊन रक्तातील अल्ब्युमिन व हिमोग्लोबिन या प्रथिनांना चिकटतात; ही झाली खतावणी. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने त्या खतावणीत काही महिन्यांची जमा सापडते. ताळेबंद मांडला जातो तो अस्थिमज्जेत, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू घटू लागतात तेव्हा.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चीनमधील तिआंजिन येथील पादत्राणे बनवणाऱ्या २५० कामगारांच्या अभ्यासात, हवेतील बेंझिन दशलक्षांत एका भागाहून कमी असलेल्यांच्याही पांढऱ्या पेशी, बेंझिनशी संबंध न आलेल्या १४० जणांच्या तुलनेत, कमी आढळल्या. तेथे बेंझिन गोंदातून येत होते, येथे इंधनातून येते. पण मज्जेला हा भेद ठाऊक नसतो.

आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने बेंझिनच्या विषबाधेला अधिसूच्य रोग मानले आणि तिची वर्दी देण्याचे कर्तव्य डॉक्टरवर सोपवले. परंतु ही वर्दी रोग जडल्यानंतरची, म्हणजे ताळेबंदात खोट दिसल्यानंतरची होय. माझे म्हणणे एवढेच की, तपासणी रोजकीर्दीपासून सुरू व्हावी. पाळी संपताना त्या तरुणाच्या दंडातून काढलेल्या चमचाभर रक्ताचा निकाल त्याला समजेल अशा मराठीत त्याच्या हाती पडावा, आणि आकडा चढलेला दिसताच वाफ परत ओढून घेणारी नळी त्या पंपावर बसवण्याची तजवीज मालकावर बंधनकारक व्हावी. देह आपली नोंद चोख ठेवतो. ती वेळेवर वाचण्याची जबाबदारी मात्र आपली आहे.